बॅकअपच्या वेळी लिनक्स सर्व्हरची मेमरी का भरते : मोजणी, निदान आणि उपाय

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानाचा सर्व्हर घ्या, नाहीतर साताऱ्यातील एखाद्या पतसंस्थेचा; दिवसभर निमूट चालणाऱ्या या यंत्रांवर रात्री एकच्या सुमारास बॅकअप सुरू होतो, मेमरीचा आलेख चढतो आणि सकाळी कार्यालय उघडेपर्यंत खाली येतच नाही. मग फोन येतो : "सर, रॅम ९७ टक्के भरलीय. आजच नवीन मागवू का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "थांबा, आधी बघू" एवढेच असते, कारण ९७ टक्के हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. ती मेमरी कोणत्या प्रकारची आहे, मागितल्यावर ती लगेच परत मिळते का, आणि तिच्यासाठी दुसरे कोणी खोळंबले आहे का, या तीन गोष्टी कळण्याआधी रॅम विकत घेणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पुढील विवेचनासाठी एकच नमुना यंत्र डोळ्यांपुढे ठेवले आहे. त्यात १६ जीबी रॅम आहे, हिशेबाचा पोस्टग्रेस डेटाबेस आहे, आणि हळद-बेदाण्याच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) व वजनपावत्या यांची स्कॅन केलेली सुमारे २० लाख छोटी चित्रे आहेत. रात्री डेटाबेसचा डंप (संपूर्ण मजकुराची फाइलीत उतरवलेली प्रत) निघतो, चित्रांची प्रत आरसिंक या प्रती काढणाऱ्या साधनाने यूएसबी डिस्कवर जाते आणि तीच प्रत पुण्यातील ४ जीबी रॅमच्या एका जुन्या यंत्रावरही पाठवली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर दुसरी प्रत गावाबाहेर ठेवण्याचे महत्त्व सांगलीत कोणाला पटवून द्यावे लागत नाही. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली असली, तरी टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

पायरी १ : 'फ्री'चे कोष्टक शेवटच्या स्तंभापासून वाचा

बॅकअप चालू असताना 'फ्री -एच' ही कमांड दिल्यावर नमुना यंत्रावर असे चित्र दिसते : टोटल १५.६, यूज्ड ५.९, फ्री ०.४, बफ/कॅशे १०.१ आणि अव्हेलेबल ९.७ जीबी. 'फ्री' स्तंभातील ०.४ पाहून घाबरण्याचे कारण नाही. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल कर्नल (लिनक्सचा गाभा) मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतो, म्हणजे तीच फाइल पुन्हा लागली तर डिस्ककडे जावे लागत नाही; या साठ्याला पेज कॅशे म्हणतात. रिकाम्या शीतगृहाचे भाडे मिळत नाही, तसाच रिकाम्या रॅमचाही काही उपयोग नसतो, म्हणून कर्नल ती भरून टाकतो आणि एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) जागा मागितली की त्यातील पाने (मेमरीचे छोटे तुकडे) सोडून देतो. बॅकअप म्हणजे डिस्कवरील जवळजवळ सर्व फाइली एकदा वाचणे. त्यामुळे बॅकअपच्या काळात पेज कॅशे भरणार नाही, तर कधी भरणार?

पाहण्याजोगा आकडा आहे तो 'अव्हेलेबल'चा. स्वॅपला (रॅममधील पाने ठेवण्याच्या डिस्कवरील जागेला) हात न लावता नव्या प्रोसेसना किती मेमरी देता येईल, याचा तो कर्नलने केलेला अंदाज असतो. हा आकडा २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ पासून '/प्रॉक/मेमइन्फो' या फाइलमध्ये 'मेमअव्हेलेबल' या नावाने मिळू लागला, आणि 'फ्री' कमांडने त्यानंतर तो स्वतंत्र स्तंभ म्हणून दाखवायला सुरुवात केली. नमुना यंत्रावर तो ९.७ जीबी आहे, म्हणजे दोनतृतीयांशाच्या आसपास रॅम हाताशी आहे. मग ९७ टक्के कोठून आले? पुष्कळ देखरेख साधने टोटलमधून फक्त 'फ्री' वजा करतात आणि उरलेले सगळे "वापरलेले" म्हणून लाल रंगात दाखवतात. अशा साधनाचे सूत्र बदलून ते 'अव्हेलेबल'वर आधारले, तर रात्रीचे निम्मे इशारे तेथेच थांबतात. हा बदल सर्वांत आधी करावा, कारण खोट्या इशाऱ्यांची सवय लागलेला माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही पाहत नाही.

'यूज्ड'चा अर्थ 'फ्री'च्या आवृत्तीनुसार बदलतो. जुन्या आवृत्त्यांत टोटलमधून फ्री आणि बफ/कॅशे वजा करून तो काढला जाई, तर नव्या आवृत्त्यांत टोटलमधून अव्हेलेबल वजा केले जाते. म्हणून दोन सर्व्हरांचे 'यूज्ड' एकमेकांशी ताडून पाहण्याआधी दोन्हीकडील आवृत्ती पाहून घ्यावी.

बफ/कॅशेमध्ये एक फसवी वस्तू मात्र असते. टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्येच वसलेली फाइलव्यवस्था, याच स्तंभात मोजली जाते, पण तिच्यातील फाइली कर्नलला आपणहून टाकून देता येत नाहीत. फार तर त्या स्वॅपमध्ये हलवता येतात. बॅकअप स्क्रिप्ट डंपची तात्पुरती फाइल '/टीएमपी'मध्ये लिहीत असेल आणि ती निर्देशिका टीएमपीएफएसवर असेल, तर ६ जीबीचा डंप ६ जीबी रॅम खाऊन बसतो, आणि स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर ती फाइल तेथेच पडून राहते. फेडोरात '/टीएमपी' बऱ्याच वर्षांपासून असाच आहे आणि डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून नव्या मांडणीत तोच मार्ग धरला. त्यामुळे वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर नेल्यावर अचानक मेमरी भरू लागणे अगदी शक्य आहे. 'डीएफ -एच /टीएमपी' दिल्यावर पहिल्या स्तंभात 'टीएमपीएफएस' दिसले, तर डंपची जागा डिस्कवरील निर्देशिकेत हलवावी.

पायरी २ : मेमरी कोणत्या वाट्याला गेली ते शोधा

आता '/प्रॉक/मेमइन्फो' उघडावी. तीत पन्नासएक ओळी असल्या, तरी या कामासाठी मोजक्याच पुरतात. 'अनॉनपेजेस' ही प्रोसेसनी स्वतःसाठी घेतलेली मेमरी असते. तिची डिस्कवर मूळ प्रत नसल्यामुळे ती सोडवायची तर स्वॅप लागतो किंवा प्रोसेस संपावी लागते. 'कॅश्ड' हा पेज कॅशे, पण त्यात 'शमेम' मिसळलेला असतो आणि शमेम म्हणजे वर सांगितलेला टीएमपीएफएस आणि सामायिक मेमरी. 'डर्टी' आणि 'राइटबॅक' ही लिहिलेली, पण अजून डिस्कवर न पोहोचलेली पाने होत. 'एसरिक्लेमेबल' आणि 'एसअनरिक्लेम' हे कर्नलच्या स्वतःच्या वस्तूंचे, म्हणजे स्लॅबचे, अनुक्रमे परत मिळणारे आणि न मिळणारे भाग आहेत.

लाखो छोट्या फाइली असलेल्या यंत्रावर बहुतेक वेळा स्लॅबच खरा मानकरी ठरतो, आणि तो प्रोसेसच्या यादीत कोठेही दिसत नाही. आरसिंकने एखाद्या फाइलची फक्त तारीख आणि आकार तपासला, तिचा एक बाइटही वाचला नाही, तरी कर्नल त्या फाइलची आयनोड नोंद (आकार, तारीख वगैरे माहिती) आणि नावाची नोंद, म्हणजे डेंट्री, रॅममध्ये ठेवतो. ६४ बिट यंत्रावर एक डेंट्री साधारण १९२ बाइटची असते आणि ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेवरील एक आयनोड मेमरीत सुमारे १ केबीच्या आसपास जागा घेतो. पट्ट्यांची २० लाख चित्रे एका रात्रीत तपासली गेली की नुसत्या नोंदींपायी अडीच जीबीच्या घरात मेमरी जाते, मग त्या रात्री प्रत्यक्षात चाळीसच नवी चित्रे का पाठवली गेली असेनात. 'टॉप'मध्ये आरसिंक शंभर-दोनशे एमबीचा दिसतो, डेटाबेस नेहमीएवढाच दिसतो, सर्व प्रोसेसची बेरीज करूनही हिशेब जुळत नाही, आणि मग "मेमरी गळतेय" असा निष्कर्ष काढला जातो. त्याऐवजी रूट (मुख्य प्रशासक) म्हणून 'स्लॅबटॉप -एस सी' द्यावी. वरच्या दोन-तीन ओळींत 'ईएक्सटी४_आयनोड_कॅशे' किंवा 'एक्सएफएस_आयनोड' आणि 'डेंट्री' दिसले, तर कोडे सुटले. ही मेमरी परत मिळणारी आहे. ती मिळवण्याची कर्नलची उत्सुकता 'व्हीएम.व्हीएफएस_कॅशे_प्रेशर' या मूल्यावर ठरते, जे मुळात १०० असते. ते १५०-२०० पर्यंत वाढवले, तर नोंदी थोड्या लवकर सुटतात, मात्र दिवसा फाइली शोधण्याचा वेग कमी होण्याची शक्यता असते. माझ्या मते या मूल्याला हात लावण्याची वेळ क्वचितच येते. 'एसअनरिक्लेम' मात्र रोज थोडा वाढत असेल आणि यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत कमीच होत नसेल, तर तो कर्नलमधील किंवा एखाद्या ड्रायव्हरमधील दोष असू शकतो. तेथे बॅकअपला दोष देऊन उपयोग नाही.

झेडएफएस ही फाइलव्यवस्था वापरणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा असतो. त्याचा एआरसी नावाचा कॅशे पेज कॅशेत मोजला जात नाही, 'यूज्ड'मध्ये मोजला जातो; म्हणून तेथे 'एआरसीस्टॅट' पाहिल्याशिवाय 'फ्री'वरून काहीही ठरवू नये.

प्रोसेसनिहाय मोजणी करतानाही एक सावधगिरी हवी. 'पीएस'मधील आरएसएस हा आकडा सामायिक पाने प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा लावतो. पोस्टग्रेसच्या 'शेअर्ड_बफर्स'ला (सर्व जोडण्यांच्या सामायिक साठ्याला) ४ जीबी दिले असतील, तर दहा जोडण्या दहा वेळा तीन-तीन जीबी वापरताना दिसू शकतात आणि बेरीज यंत्राच्या एकूण रॅमच्याही पुढे जाते. खरा वाटा हवा असेल, तर '/प्रॉक/<क्रमांक>/स्मॅप्स_रोलअप' या फाइलमधील 'पीएसएस' ही ओळ वाचावी. तीत सामायिक पाने वाटून मोजलेली असतात.

पायरी ३ : रात्रीचा पुरावा गोळा करा

सकाळी दहा वाजता पाहिलेली 'फ्री' रात्री दीड वाजता काय घडले ते सांगत नाही. त्यासाठी 'सिसस्टॅट' हा संच बसवावा. तो सर्वसाधारणपणे दर १० मिनिटांनी नोंद घेतो, पण डेबियन आणि उबुंटूवर नोंदणी मुळात बंद असू शकते, म्हणून '/ईटीसी/डिफॉल्ट/सिसस्टॅट'मध्ये 'एनेबल्ड'चे मूल्य 'ट्रू' आहे का, ते तपासावे. नंतर 'सार -आर'ने मेमरी, 'सार -बी'ने (येथे मोठ्या लिपीतील बी) पानांची ये-जा आणि 'सार -डब्ल्यू'ने (हीही मोठ्या लिपीत) स्वॅपची ये-जा मागे जाऊन पाहता येते. दहा मिनिटांचे अंतर बॅकअपसाठी मोठे असते, म्हणून एक-दोन रात्री 'व्हीएमस्टॅट -टी ६०' चालू ठेवून तिचे आउटपुट फाइलमध्ये साठवावे. त्यातील पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असल्यामुळे ती सोडून द्यावी.

व्हीएमस्टॅटमध्ये 'एसआय' आणि 'एसओ' हे स्तंभ निर्णायक आहेत. 'एसओ' अधूनमधून दिसणे, किंवा स्वॅपमध्ये काहीशे एमबी पडून असणे, हे वाईट लक्षण नाही. महिनोन्महिने कोणी न वापरलेली पाने कर्नलने बाजूला ठेवली आहेत एवढाच त्याचा अर्थ. 'एसआय' मात्र मिनिटामागून मिनिट शून्याच्या वर राहत असेल, तर बाजूला ठेवलेले पान लगेच परत लागते आहे, म्हणजेच मेमरी खरोखर अपुरी पडते आहे.

लिनक्स ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, याहूनही सरळ पुरावा मिळतो. '/प्रॉक/प्रेशर/मेमरी' या फाइलमध्ये दोन ओळी असतात. 'सम'ची ओळ काही कामे मेमरीसाठी थांबली असतील तो वेळ दाखवते, आणि 'फुल'ची ओळ सर्वच कामे एकाच वेळी थांबली असतील तो. दोन्हींसाठी १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीचे टक्के दिलेले असतात. बॅकअपभर 'अव्हेलेबल' कमी आणि 'सम' शून्याच्या आसपास, असे चित्र असेल, तर कोणीही खोळंबलेले नाही. 'फुल' पाच-दहा टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर त्या वेळी सर्व्हरवर काम करणाऱ्याला ते जाणवतेच. रेड हॅटच्या काही आवृत्त्यांत ही सोय कर्नलमध्ये असूनही बंद असते आणि बूटच्या ओळीत 'पीएसआय=१' असे लिहून ती चालू करावी लागते.

पायरी ४ : साधनागणिक कारण शोधा

'अनॉनपेजेस' बॅकअपच्या वेळी चढून नंतर उतरत असतील, तर एखादे साधन खरोखरच मेमरी मागते आहे. येथे अंदाजाने चालत नाही. प्रत्येक साधनाची खोड वेगळी असते.

डेटाबेसच्या डंपपासून सुरुवात करू. 'पीजी_डंप' ओळी ओघाने वाचतो आणि ओघानेच लिहितो, त्यामुळे तक्ता मोठा असला तरी त्याची मेमरी फारशी वाढत नाही. शिवाय मोठा तक्ता सलग वाचताना पोस्टग्रेस एक छोटा फिरता साठा वापरतो, म्हणजे डंपमुळे त्याचे स्वतःचे 'शेअर्ड_बफर्स' विस्कटत नाहीत. अडचण येते ती एकेक ओळ प्रचंड असली तर. पट्टीचे स्कॅन डिस्कवर न ठेवता 'बायटीया' (बायनरी) स्तंभात भरले असेल, तर ते षोडशमान मजकुरात बदलताना दुप्पट होते आणि एका ओळीसाठी एकाच वेळी एकाहून अधिक प्रती मेमरीत असू शकतात. मायएसक्यूएलच्या 'मायएसक्यूएलडंप'मध्ये 'क्विक' हा पर्याय मुळातच चालू असतो, कारण तो 'ऑप्ट' या गटाचा भाग आहे. पण कोणीतरी जुन्या स्क्रिप्टमध्ये 'स्किप-ऑप्ट' लिहिलेले असते, 'क्विक' त्याबरोबर जातो, आणि मग प्रत्येक तक्ता पूर्णच्या पूर्ण मेमरीत घेऊन मगच लिहिला जातो. स्क्रिप्टमध्ये हा शब्द आहे का, ते एकदा शोधून पाहावे.

आरसिंकने ३.० या आवृत्तीत, २००८ मध्ये, फाइलींची यादी टप्प्याटप्प्याने बनवण्याची पद्धत आणली. त्याआधी संपूर्ण यादी मेमरीत तयार झाल्याशिवाय काम सुरूच होत नसे. आजही 'डिलीट-बिफोर', 'डिलीट-आफ्टर', 'डिले-अपडेट्स' आणि 'प्रून-एम्प्टी-डर्स' यांपैकी एक जरी पर्याय दिला, तरी ती पद्धत बंद होते आणि २० लाख नावांची यादी दोन्ही बाजूंच्या यंत्रांवर उभी राहते. नुसता 'डिलीट' दिला तर ही अडचण येत नाही. हार्डलिंक (एकाच फाइलीची अनेक नावे) जपण्यासाठीचा मोठ्या लिपीतील 'एच' हा पर्यायही मेमरी वाढवतो. रोजच्या प्रती हार्डलिंकने ठेवणाऱ्या साठ्याची नक्कल काढताना हे विशेष जाणवते. बदल करणे शक्य असेल, तर वर्षनिहाय निर्देशिका करून आरसिंक वर्षागणिक वेगळा चालवावा, म्हणजे यादीही लहान राहते आणि २०१७ च्या पट्ट्या रोज तपासण्याचे कारणही उरत नाही.

कॉम्प्रेशन हे बहुतेकांच्या लक्षात न येणारे कारण आहे. 'जीझिप'ला एक-दोन एमबीही पुरतात. 'एक्सझेड' त्याच्या नेहमीच्या ६ व्या पातळीवर सुमारे ९४ एमबी घेतो, ९ व्या पातळीवर सुमारे ६७४ एमबी. हे एका थ्रेडचे (समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकाचे) आकडे आहेत. "सगळ्यात लहान फाइल हवी" म्हणून ९ वी पातळी आणि "लवकर व्हायला हवे" म्हणून सर्व कोर, असे दोन्ही मागितले, की चार कोरांवर अडीच जीबीच्या पुढे मेमरी जाते. २०२४ मधील ५.६ आवृत्तीपासून एक्सझेड आपणहून अनेक थ्रेड वापरतो, त्यामुळे स्क्रिप्ट न बदलताही अद्ययावत केल्यावर वापर वाढलेला दिसू शकतो. (त्याच मालिकेतील ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागील दाराने घुसवलेला घातक कोड सापडला होता; त्या अजून कोठे असतील तर मेमरीचा विचार नंतर करावा.) 'मेमलिमिट-कॉम्प्रेस' हा पर्याय देऊन एक्सझेडला मर्यादा घालता येते. रोजच्या बॅकअपसाठी मी 'झेडएसटीडी' त्याच्या मूळ ३ ऱ्या पातळीवर सुचवीन. वेग, आकार आणि मेमरी या तिन्हींचा मेळ त्यात बरा बसतो. त्याचा 'लाँग' हा पर्याय मात्र १२८ एमबीची खिडकी (पुनरावृत्ती शोधण्यासाठी धरलेला मागचा मजकूर) धरतो, आणि तेवढीच मेमरी पुन्हा उलगडतानाही लागते. जेपीईजी चित्रे तर मुळातच आवळलेली असतात. त्यांच्यावर कॉम्प्रेशन चालवणे म्हणजे वीज आणि वेळ वाया घालवणे.

रेस्टिक, बोर्ग यांसारखी साधने फाइलींचे तुकडे पाडून एकसारखे तुकडे एकदाच ठेवतात, आणि त्यासाठी तुकड्यांची सूची मेमरीत धरतात. साठा वाढेल तशी सूची वाढते, म्हणून पहिल्या वर्षी काही जाणवत नाही आणि तिसऱ्या वर्षी तक्रार येते. रेस्टिकमध्ये जुन्या प्रती छाटण्याचे 'प्रून' हे काम बॅकअपपेक्षाही जड असू शकते. ते रोज न करता रविवारी करावे.

पायरी ५ : संथ डिस्कपुढे साचलेले लेखन

यूएसबी डिस्कवर प्रत निघत असताना सर्व्हर अडखळतो, साधी 'एलएस' सुद्धा थांबते, तेव्हा 'डर्टी'ची ओळ पाहावी. प्रोसेस लिहिते ते आधी रॅममध्ये जाते आणि कर्नल ते सवडीने डिस्कवर उतरवतो. मूळ मांडणीत उपलब्ध मेमरीच्या १० टक्के लेखन साचले की कर्नल मागच्या बाजूने ते उतरवू लागतो आणि २० टक्के झाले की लिहिणाऱ्या प्रोसेसना रोखतो. १५ जीबी उपलब्ध असलेल्या यंत्रावर २० टक्के म्हणजे ३ जीबी, आणि जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला ३० एमबी वेग धरला, तर तेवढे उतरायला १०० सेकंद लागतात. या काळात डेटाबेसचे 'एफसिंक', म्हणजे लेखन डिस्कवर पोहोचल्याची खात्री करणे, हेही अडकू शकते, आणि कर्नलच्या नोंदीत एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून अधिक काळ अडकल्याची ओळ उमटते.

उपाय सोपा आहे : टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा द्यावी. '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी'मध्ये एक फाइल करून 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स'ला ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि 'व्हीएम.डर्टी_बाइट्स'ला २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी, द्यावेत. ही मूल्ये दिली की टक्क्यांची जोडी आपोआप शून्य होते. मोठ्या लेखनाचा देखावी वेग थोडा घटेल, पण तो वेग मुळात खरा नव्हताच. उन्हाळ्यात वळीव सुटला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो; यूपीएसची बॅटरी थकलेली असेल, तर साचलेल्या लेखनाची किंमत बॅकअपच्या अर्धवट फाइलीने चुकवावी लागते. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी 'सिंक' करून मगच चेकसम (फाइल शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) घ्यावा.

पायरी ६ : बॅकअपला त्याच्या कुंपणात ठेवा

वरील कारणे दूर केल्यावरही एक रास्त तक्रार उरते : बॅकअप एकदाच लागणाऱ्या फाइलींनी पेज कॅशे भरून टाकतो आणि डेटाबेसला रोज लागणारी पाने बाहेर ढकलली जातात, त्यामुळे सकाळचे पहिले अहवाल रेंगाळतात. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे सीग्रुपची, म्हणजे कर्नलने बांधलेल्या प्रोसेसच्या गटाची, मर्यादा. आधी 'स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप' देऊन उत्तर 'सीग्रुप२एफएस' येते का, ते पाहावे (शेवटचे टी मोठ्या लिपीत). दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये प्रोसेसची स्वतःची मेमरी, तिने आणलेला पेज कॅशे आणि आयनोड-डेंट्रींचा स्लॅब हे सर्व त्याच गटाच्या नावावर पडते. म्हणून गटाला मर्यादा घातली की तो आपलाच कॅशे सोडतो, इतरांच्या वाट्याला जात नाही.

चाचणीसाठी 'सिस्टिमडी-रन --स्कोप -पी मेमरीहाय=१जी' या ओळीपुढे स्क्रिप्टचा मार्ग द्यावा. समाधान झाल्यावर क्रॉनमधील (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनातील) ओळ काढून सिस्टिमडीची (सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस आणि टायमर करावेत. सर्व्हिसमध्ये 'मेमरीहाय=१जी', 'मेमरीमॅक्स=२जी', 'नाइस=१०' आणि 'आयओशेड्युलिंगक्लास=आयडल' लिहावे. यातील शेवटच्या ओळीचा परिणाम डिस्कच्या शेड्युलरवर (वाचन-लेखनाचा क्रम लावणाऱ्या भागावर) अवलंबून असतो. बीएफक्यूवर ती चालते, 'नन' असेल तर नुसती शोभेची ठरते. 'मेमरीहाय' ओलांडली तर गटाची गती कमी केली जाते, 'मेमरीमॅक्स' ओलांडली आणि सोडण्यासारखे काही उरले नाही, तर गटातील प्रोसेस मारली जाते. 'मेमरीहाय' फार कंजूषपणे ठेवू नये : एक्सझेडला खरोखर ७०० एमबी लागत असताना ५०० ची मर्यादा दिली, तर बॅकअप मरत नाही, पण सकाळी सौदे सुरू झाले तरी संपतही नाही. कर्नल ५.१९ किंवा पुढचा असेल, तर स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत गटाची 'मेमरी.पीक' ही फाइल छापून ठेवावी. मर्यादा किती असावी ते तीच सांगते.

या कुंपणाची एक सीमा आहे. 'पीजी_डंप' हा फक्त मागणारा असतो. प्रत्यक्ष तक्ते वाचतो तो डेटाबेस सर्व्हर, आणि तो वेगळ्या गटात असतो. त्याने वाचलेल्या फाइलींचा कॅशे त्याच्याच नावावर जातो.

टायमरचा आणखी एक फायदा असा की आधीची फेरी संपली नसेल, तर तीच सर्व्हिस दुसऱ्यांदा सुरू होत नाही. क्रॉन असा विचार करत नाही. संथ लाइनमुळे रात्रीचा बॅकअप लांबला की दुसरा त्याच्या डोक्यावर येऊन बसतो आणि मेमरी दुप्पट लागते. क्रॉनच ठेवायचा असेल, तर स्क्रिप्ट 'एफलॉक -एन'मधून चालवावी.

पायरी ७ : प्रोसेस मारली गेली असेल तर

'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधावे. त्याच परिच्छेदात 'कन्स्ट्रेंट_मेमसीजी' असे आढळले, तर एखाद्या गटाची मर्यादा ओलांडली गेली आहे, म्हणजे बहुधा आपणच घातलेली. 'कन्स्ट्रेंट_नन' असेल, तर संपूर्ण यंत्राचीच मेमरी संपली होती. दुसऱ्या प्रकारात कर्नल सर्वसाधारणपणे सर्वांत मोठी प्रोसेस निवडतो, आणि ती बहुतेक वेळा डेटाबेसची असते. चूक बॅकअपची आणि शिक्षा डेटाबेसला, हा प्रकार टाळण्यासाठी बॅकअपच्या सर्व्हिसमध्ये 'ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट=५००' लिहावे, म्हणजे बळी द्यायचाच असेल तर तो बॅकअपचा जाईल. डेटाबेसला, वेब सर्व्हरला, सगळ्यांनाच उणे १००० देऊन अमर करण्याचा मोह आवरावा. मारण्याजोगे कोणी उरले नाही की यंत्रच कोसळते.

बॅकअपचा बळी गेला हे कळले मात्र पाहिजे. 'पीजी_डंप'चे आउटपुट नळीतून (पाइपमधून) 'झेडएसटीडी'कडे जात असताना डंप मारला गेला, तरी झेडएसटीडी हाती आलेले गुंडाळून शून्य परत देतो; स्क्रिप्टला वाटते काम फत्ते झाले, आणि अर्धा डंप व्यवस्थित नाव घेऊन साठ्यात जाऊन बसतो. बॅशमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' ही एक ओळ सुरुवातीला असली की ही फसवणूक टळते. मेमरीच्या निमित्ताने स्क्रिप्ट उघडलीच आहे, तर ही ओळ आहे का ते आत्ताच पाहून घ्यावे.

काय करू नये

दर तासाला '/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस'मध्ये ३ लिहिणारा क्रॉन अनेक सर्व्हरांवर सापडतो. त्यामुळे आलेख खाली येतो, पाहणाऱ्याचे समाधान होते आणि डेटाबेसला तीच पाने पुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. मोजणीपूर्वी सर्वांना सारखी सुरुवात मिळावी म्हणून ती कमांड योग्य आहे; नेहमीचा उपचार म्हणून नाही. 'स्वॅपऑफ' करणेही तसेच : स्वॅप नसले की न लागणारी अनामिक पाने रॅममध्येच अडकून राहतात आणि कर्नलला सगळा ताण फाइलींच्या पानांवर काढावा लागतो.

रॅम खरोखर केव्हा घ्यावी

डंप, आरसिंक आणि कॉम्प्रेशन सुधारून, कुंपण घालूनही 'अनॉनपेजेस' आणि 'शमेम' यांची बेरीज एकूण रॅमच्या बरीच जवळ राहत असेल, 'एसआय' थांबत नसेल आणि 'फुल' शून्यावर येत नसेल, तर खरेदीला विरोध करण्याचे कारण उरत नाही. ही मोजणी मंदीच्या आठवड्यात करू नये. हळदीच्या सौद्यांचा जोर असताना किंवा पतसंस्थेत मार्चअखेर असताना एकाच वेळी जोडण्याही वाढतात आणि रोजच्या फाइलीही. तेव्हाच्या रात्रीची 'सार'ची नोंद काढून ती साध्या रात्रीशी ताडून पाहावी. 'सार' आपल्या नोंदी ठरावीक दिवसच ठेवते, म्हणून 'हिस्ट्री' हे मूल्य वाढवून किमान एक हंगाम मागे जाता येईल अशी सोय आत्ताच करावी. खरेदीचा निर्णय झालाच, तर पुण्यातील ज्या यंत्रावर दुसरी प्रत जाते त्याची रॅमही पाहून ठेवावी, कारण पुनर्स्थापना तेथे करावी लागली, तर रेस्टिकची सूची, झेडएसटीडीची खिडकी आणि पोस्टग्रेसची इंडेक्स पुन्हा बांधण्याची 'मेंटेनन्स_वर्क_मेम' हे सारे त्या ४ जीबीच्या जुन्या यंत्रात एकाच वेळी मावायला हवे.